योग्य जागी योग्य शब्द



मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो : ‘खालील शब्दांचे समानार्थी शब्द लिहा.’ पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय. विद्यार्थी ही यादी पाठ करतात, गुण मिळवतात आणि आम्ही शिक्षकही समाधान मानतो. परंतु या चारांपैकी कोणता शब्द कोठे वापरावा, हे प्रश्नपत्रिका विचारीत नाही. नळाला पाणी येते, नळाला जल येत नाही. उलट पाणी स्वच्छ करण्याच्या केंद्राला आपण जलशुद्धीकरण केंद्र म्हणतो, पाणीशुद्धीकरण केंद्र म्हटले तर ते कानाला खटकते. वजूसाठी आपण पाणी घेतो, तर देवापुढे सोडतात ते उदक. अर्थ एकच असला तरी जागा वेगळी आहे. ही जागा कशी ठरते आणि ती कोण ठरवतो, याचा थोडा इतिहास आपणांसमोर ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गाला मी ‘माझी आवडती व्यक्ती’ हा निबंध दिला होता. एका विद्यार्थिनीने आपल्या नानीवर फार सुंदर लिहिले होते. शेवटचे वाक्य होते, ‘गेल्या रमजानमध्ये नानीचा इंतकाल झाला.’ मी लाल शाईने ‘इंतकाल’ खोडून वर ‘निधन’ लिहिले. वही परत घेताना ती हळूच म्हणाली, “सर, निधन तो बड़े लोगां का होता. हमारी नानी का इंतकाल हुआ.” मी तिला गप्प बसवले. मराठीच्या तासाला मराठीच शब्द हवा, असे बजावलेही.

दोन महिन्यांनी तिचे वडील एक कागद घेऊन माझ्याकडे आले. नानीच्या नावावरच्या जागेला वारसांची नावे लावण्याबाबतची ती नोटीस होती. तिच्यात नानीच्या नावामागे ‘मयत’ हा शब्द होता. ते दुखावल्या स्वरात म्हणाले, “सर, दफन करून इतके दिवस झाले, आणि हे लोक अजून मय्यत लिहितात?” आपल्या घरांत मय्यत म्हणजे दफनापूर्वीचा देह, किंवा अंत्ययात्रा. सरकारी कागदात मात्र मयत म्हणजे फक्त ‘जी व्यक्ती हयात नाही ती’. शब्द एकच, अरबी भाषेतून आलेला, पण घरात त्याचा एक अर्थ आणि दप्तरात दुसरा. मी त्यांना हे समजावून सांगितले आणि सांगता सांगताच मला माझी लाल शाई आठवली. एकाच घटनेला नातीच्या निबंधात इंतकाल, वर्तमानपत्रात निधन आणि जागेच्या कागदात मयत हे तिन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर होते. चुकीचा होता तो मी.

आता हे शब्द मराठीत आले कसे, ते पाहू. आपले सोलापूर एके काळी अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्या सीमेवर होते. येथल्या किल्ल्यासाठी दोन्ही राज्यांत अनेकदा लढाया झाल्या. राज्ये बदलली तरी गावाचा हिशेब ठेवणारा कुलकर्णी आणि वसूल गोळा करणारा पाटील बहुधा तेच राहिले. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द १५३४ ते १५५८) राज्याचे हिशेब फार्सीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची प्रथा सुरू केली, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. त्यामुळे मराठी जाणणारी माणसे मोठ्या संख्येने दप्तरात आली. वाक्याची रचना मराठी आणि कामाचे शब्द फार्सी-अरबी, अशी एक लेखनपद्धती तयार झाली. अर्ज, दाखला, वसूल, जमा, खर्च, वारस, जामीन, वकील, तालुका, जिल्हा हे शब्द लेखणीच्या वाटेने, रोजच्या कामाच्या गरजेतून मराठीत आले आणि रुजले.

संत एकनाथ हे त्याच सोळाव्या शतकातले. त्यांनी ‘अर्जदास्त’ या नावाच्या रूपकरचना केल्या आहेत. अर्जदास्त म्हणजे वरिष्ठाकडे केलेला लेखी अर्ज. जीवाने परमेश्वराकडे मांडलेली कैफियत त्यांनी सरकारी अर्जाच्या भाषेत, फार्सी दप्तरी शब्दांत लिहिली. नाथांना संस्कृत शब्द ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? परंतु ऐकणारा शेतकरी कचेरीत रोज जे शब्द ऐकत होता तेच त्याच्या काळजाला भिडतील, हे त्यांनी ओळखले होते. श्रोता पाहून शब्द निवडणे म्हणजे काय, याचा हा उत्तम नमुना होय.

यानंतरची मोठी घटना छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळातील. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. नवे राज्य आपल्या पायावर उभे राहिले, तेव्हा त्याच्या कारभाराची भाषाही त्याला शोभणारी असावी, अशी महाराजांची इच्छा होती. त्यांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला. या कोशाचे दहा वर्ग आहेत आणि त्यांत चौदाशेच्या आसपास शब्द आहेत. दरबार, किल्ले, शस्त्रे, लेखन, व्यापार अशा एकेका विषयातले रूढ फार्सी-अरबी शब्द घेऊन त्यांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. अष्टप्रधानांची नावेही बदलली. पेशवा झाला मुख्य प्रधान, मुजुमदार झाला अमात्य, सुरनीस झाला सचिव, वाकेनीस झाला मंत्री, डबीर झाला सुमंत आणि सरनौबत झाला सेनापती.

या प्रतिशब्दांचे पुढे काय झाले, हे पाहणे फार उद्बोधक आहे. सेनापती हा शब्द टिकला, सरनौबत मागे पडला. मुख्य प्रधानाच्या बाबतीत मात्र उलटे घडले. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना हे पद मिळाले आणि पुढे १८१८ पर्यंतचा काळ लोकांच्या तोंडी पेशवाई म्हणूनच राहिला. मुजुमदार, चिटणीस, फडणीस, सबनीस ही पदे गेली, पण आडनावे होऊन घराघरांत राहिली. सचिव हा शब्द बराच काळ मागे राहून आपल्या काळात पुन्हा पुढे आला. मुंबईच्या राज्य कारभाराच्या इमारतीला आधी सचिवालय म्हणत, १९७५ साली तिचे नाव मंत्रालय झाले. महाराजांच्या काळी मंत्री हा राजाच्या दैनंदिन घडामोडींची नोंद ठेवणारा, म्हणजे वाकेनीस होता. आज मंत्री म्हणजे खात्याचा प्रमुख. कोशकाराने शब्द दिला, पण त्याला जागा दिली ती लोकांनी आणि काळाने.

आजही पाहा. राजकीय पक्षात चिटणीस असतो, शिक्षणसंस्थेत सचिव असतो आणि बोलताना आपण ‘सेक्रेटरी साहेब’ म्हणतो. पहिला शब्द फार्सी वळणाचा, दुसरा संस्कृत, तिसरा इंग्रजी. तिन्हींचा अर्थ जवळजवळ एकच. तरी मुख्य सचिवांना कोणी मुख्य चिटणीस म्हणत नाही. ज्या शब्दाने ज्या खुर्चीवर बसून काम केले, ती खुर्ची त्याची झाली.

विसाव्या शतकात हा वाद पुन्हा पेटला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला आणि तारखेसाठी दिनांक, मेयरसाठी महापौर असे अनेक शब्द पुढे आणले. या संदर्भात कवी माधव जूलियन, म्हणजेच माधव त्र्यंबक पटवर्धन, यांचे उदाहरण विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे. ते फार्सीचे प्राध्यापक होते. १९२५ साली त्यांनी फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला. मराठीत गझल रुजवण्याचे श्रेयही त्यांचेच. सुरुवातीच्या कवितेत फार्सी शब्द मुक्तहस्ते वापरणारे हेच कवी पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले आणि १९३८ साली त्यांचे ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक निघाले. त्यांच्या मतांशी कोणी सहमत होवो अथवा न होवो, पण ज्या शब्दांना बाजूला ठेवायचे त्यांची आधी पूर्ण ओळख करून घेण्याइतका अभ्यास त्यांनी केला होता. पुस्तकाच्या नावात विवेक हा शब्द आहे, तो आपण दोन्ही बाजूंच्या लोकांनी घेण्यासारखा आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भाषा संचालनालय सुरू झाले. इंग्रजी पदनामांना मराठी नावे देण्याचे मोठे काम या कार्यालयाने केले. १९६२ साली पदनाम कोश प्रसिद्ध झाला आणि १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. कलेक्टर या पदाला नाव मिळाले जिल्हाधिकारी. या शब्दाची फोड करून पाहा. ‘जिल्हा’ अरबीतून आलेला, ‘अधिकारी’ संस्कृत. दोघांनी हात धरला आणि असा एकजीव शब्द झाला की आज कोणाला सांधा दिसत नाही. तहसीलदार, जामीन, पंचनामा, मुद्देमाल हे शब्द तर आजही कारभारात चालतात, कारण त्यांची जागा घेईल असा दुसरा शब्द लोकांना गरजेचा वाटला नाही.

आणि एवढे दूर तरी कशाला जायचे? आपल्या शहरात फौजदार चावडी पोलीस ठाणे आहे. या नावात चार शब्द आहेत. फौजदार फार्सीचा, चावडी कानडीशी नाते सांगणारा, पोलीस इंग्रजीतून आलेला आणि ठाणे आपले मराठी, मुळात संस्कृत ‘स्थान’. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी-उर्दू बोलणारी माणसे ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली, त्या शहराचा स्वभावच या नावात उतरला आहे. यातला एखादा शब्द शुद्ध करायला गेलात तर रिक्षावाला तुम्हांला तेथे पोचवणार नाही!

आता एक गंभीर उदाहरण घेतो. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रज सरकारने मार्शल लॉ पुकारला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी देण्यात आले. सोलापूर त्यांना ‘चार हुतात्मे’ म्हणते. आपल्या घरांत वडीलधारी मंडळी कुर्बान हुसेन यांना ‘शहीद’ म्हणतात. हुतात्मा म्हणजे ज्याने यज्ञात आहुती द्यावी तसा स्वतःचा जीव अर्पण केला तो. शहीद या अरबी शब्दाच्या मुळाशी साक्ष ही कल्पना आहे. आपला जीव देऊन ज्याने सत्याची साक्ष दिली तो शहीद. एका शब्दात अग्नी आहे, दुसऱ्यात साक्ष आहे, पण फास एकच होता. पुतळ्यापुढे भाषण करताना चौघांनाही हुतात्मे म्हणावे, कारण तो शहराचा शब्द आहे. घरात दुवा करताना शहीद म्हणावे, कारण तो आपल्या मनाचा शब्द आहे. एक म्हटल्याने दुसऱ्याचा अपमान होत नाही.

येथे पालकांना एक सांगावेसे वाटते. आपल्या मुलांना मराठी अवघड जाते, कारण घरची भाषा वेगळी, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. कचेरीच्या मराठीतले कितीतरी शब्द आपली मुले घरूनच घेऊन येतात. निवृत्तिवेतन घेणाऱ्या आजोबांना हयातीचा दाखला का द्यावा लागतो, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. खरी अडचण निराळी आहे. ओळखीचा शब्द मराठीत येऊन आपला अर्थ बदलतो, तेथे मुले फसतात. काही नमुने पाहा.

‘गरज’ या शब्दाला उर्दूत हेतूचा, स्वार्थाचा वास आहे, खुदगर्ज म्हणजे आपमतलबी. मराठीत गरज म्हणजे निकड. म्हणून ‘गरजू विद्यार्थ्यांना मदत’ हे वाक्य वाचून कोणी रागावू नये. ‘मजकूर’ म्हणजे उर्दूत ‘ज्याचा उल्लेख झाला आहे तो’. जुन्या मराठी कागदांतही ‘मौजे मजकूर’ म्हणजे उपरोक्त गाव. आजच्या मराठीत मात्र मजकूर म्हणजे लिहिलेली सामग्री. ‘तारीख’ उर्दूत दिवसही आहे आणि इतिहासही, मराठीत ती फक्त दिवसापुरती उरली. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. परंतु मराठीत ‘मला उच्च शिक्षा हवी’ असे लिहिलेत, तर परीक्षक घाबरून जाईल!

‘रजा’ हा शब्द तर मला फार आवडतो. मुळात रजा म्हणजे संमती, मर्जी. अल्लाहची रजा असे आपण म्हणतोच. मराठीत रजा म्हणजे कामावरून घेतलेली मोकळीक. मग रजा आणि सुट्टी यांत फरक काय? रविवारी शाळेला सुट्टी असते, रजा नसते. गुरुजी आजारी पडले तर ते रजेवर असतात. सुट्टी सर्वांना आपोआप मिळते. रजा एकट्याने मागायची असते आणि दुसऱ्याने मंजूर करायची असते. तिच्या पोटात अजूनही संमती दडलेली आहे. शब्दाचा इतिहास ठाऊक असला म्हणजे त्याची जागा पाठ करावी लागत नाही, ती आपोआप कळते.

शायर आणि शाहीर हेही असेच एका मुळाचे दोन भाऊ. गझल लिहितो तो शायर, डफावर थाप मारून पोवाडा गातो तो शाहीर. बार्शीच्या अमर शेखांना महाराष्ट्र शाहीर म्हणतो, शायर म्हणत नाही, आणि त्यातच त्यांचा गौरव आहे.

व्यवहारात ही निवड किती महत्त्वाची असते, यासाठी एकच गट पाहू : गाऱ्हाणे, तक्रार, फिर्याद, कैफियत. गाऱ्हाणे आपण वडीलधाऱ्यांपुढे किंवा देवापुढे सांगतो. त्यात मायेची अपेक्षा असते. तक्रार म्हणजे मुळात पुनःपुन्हा बोलणे. मराठीत ती नळाच्या पाण्यापासून रेशन दुकानापर्यंत कशाचीही करता येते. फिर्याद म्हणजे मुळात मदतीसाठी मारलेली हाक. आज ती पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात नोंदवली जाते आणि ती देणारा फिर्यादी ठरतो. कैफियत म्हणजे उर्दूत स्थिती, हालहवाल. दिवाणी दाव्यात मात्र प्रतिवादीचे लेखी म्हणणे म्हणजे कैफियत. ‘मला शेजाऱ्याची तक्रार करायची आहे’ आणि ‘मला शेजाऱ्यावर फिर्याद करायची आहे’ या दोन वाक्यांत एका शब्दाचा फरक आहे. पहिल्यानंतर दोन शेजारी चहा पिऊन मिटवू शकतात. दुसऱ्यानंतर तारखा सुरू होतात. सही करण्यापूर्वी शब्द नीट वाचावा, तो याचसाठी.

विद्यार्थी मित्रहो, लिहिताना दोन शब्दांत अडलात, तर स्वतःला चार प्रश्न विचारा. मी हे कोणासाठी लिहीत आहे? कशासाठी लिहीत आहे : अर्ज, निबंध की पत्र? मला किती सांगायचे आहे? राग, संताप आणि नाराजी यांचे वजन सारखे नसते. आणि शेवटचा प्रश्न, या शब्दाचा शेजारी कोण? झोप गाढ असते, धुके दाट असते, दही घट्ट असते आणि मैत्रीही घट्ट असते, पण ‘दाट झोप’ कोणाला लागत नाही. शेजार चुकला की चांगला शब्दही परका वाटतो. शब्द कोठून आला हा प्रश्न या चारांत नाही, हे लक्षात घ्या. उगम जाणून घेण्यासाठी मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश जरूर पाहा. १८३१ साली तो प्रथम निघाला, १८५७ साली दुसरी आवृत्ती आली. त्यात शब्दांच्या उगमाच्या खुणा दिलेल्या आहेत. पण उगम हे ज्ञान आहे, तो शब्दाला हाकलण्याचा परवाना नव्हे, किंवा मिरवण्याचे पदकही नव्हे.

१९९० साली आपल्याच सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपल्या घरातले जगणे मराठीत लिहिता येते आणि ते मराठी वाचकाला समजते, हा विश्वास त्या संमेलनाने अनेकांना दिला. घरातले जगणे लिहायचे तर घरातले शब्दही यायचेच. त्यांना घाबरून लपवू नका आणि जेथे त्यांची जागा नाही तेथे त्यांना रेटूही नका. रजेच्या अर्जात ‘नानीचे निधन झाल्यामुळे’ असेच लिहा, कारण तो वाचणाऱ्याला तुमची नानी ठाऊक नाही. निबंधात ‘नानीचा इंतकाल झाला’ असे लिहा, कारण तेथे वाचणाऱ्याला तुम्ही तुमच्या घरात नेत आहात.

त्या विद्यार्थिनीला मी नंतर वही परत आणायला सांगितली. ‘निधन’ खोडले आणि तिच्या ‘इंतकाल’खाली ठिपके काढले. छापखान्यात अशा ठिपक्यांचा अर्थ ‘मूळ शब्द तसाच ठेवावा’ असा असतो. तिने विचारले, “सर, मार्क?” मी एक गुण वाढवून दिला. तो तिला दिला खरा, पण शिकलो होतो मी.